क्लोजिंग गोडाऊनची गोष्ट

नमस्कार मंडळी. विषय आहे जेएसपी पानांतले, म्हणजे सर्व्हरवर जावाने तयार होणाऱ्या वेब पानांतले, यूआरएल म्हणजे पत्ते, आणि ते सांभाळणाऱ्या टॅग लायब्ररी, म्हणजे तयार टॅगचे संच. वेळ चाळीस मिनिटं, आणि गेल्या वेळी मी किती खाल्ली होती ते आयोजकांनी आत्ताच जिन्यात ऐकवलंय. (हशा) जेएसपी अजून कोणकोण सांभाळतंय, हात वर करा बघू... बरेच आहात की! लाजू नका हो, बँकेपासून कारखान्यापर्यंत ती पानं अजून चालतायत.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपलं ॲप सर्व्हरवर कुठल्या नावाखाली बसवलंय हे पान लिहिणाऱ्याला ठाऊकच असता कामा नये. आता हे मी इतकं तावातावाने का सांगतो, तर त्याला एक रात्र कारणीभूत आहे.

माझी पहिली नोकरी. एका घाऊक व्यापाऱ्यासाठी मालाच्या हिशोबाचं ॲप केलेलं, नाव ठेवलं स्टॉक. टॉमकॅट हा जावाची ॲप चालवणारा सर्व्हर, त्यात वॉर फाइलचं, म्हणजे ॲपच्या गठ्ठ्याचं, जे नाव तोच कॉन्टेक्स्ट पाथ, म्हणजे पत्त्यात सर्व्हरच्या नावानंतर स्लॅश स्टॉक. आम्ही शंभरावर पानांत प्रत्येक लिंक, प्रत्येक चित्र, रंगरूपाची सीएसएस फाइलसुद्धा 'स्लॅश स्टॉक स्लॅश अमुक' असं हाताने लिहिलेलं. दुसऱ्या दिवशी उद्घाटन, पेढे आलेले, आणि संध्याकाळी त्यांच्या सर्व्हरवाल्याचा फोन, की स्टॉक नावाचं एक आधीच आहे इथे, तुमच्याचं नाव गोडाऊन करा, दोन मिनिटांचं तर काम. केलं. पहिलं पान उघडलं ते कपडे काढून घेतल्यासारखं, ना रंग ना चित्र, आणि जिथे क्लिक करावं तिथे चारशेचार, म्हणजे 'पान सापडलं नाही'.

मग काय, फाइंड-रिप्लेस. स्टॉकच्या जागी गोडाऊन, सगळीकडे, लहान-मोठी लिपी न बघता. पण डेटाबेसच्या टेबलचं नावही स्टॉकच होतं ना! आणि डेटाबेसकडून माहिती मागवणाऱ्या क्वेऱ्या होत्या जेएसपीच्या पोटात. (हशा) हसू नका, तुमच्यातल्या निम्म्यांनी हे केलंय. तर क्वेऱ्या मेल्या, त्या पहाटेपर्यंत एकेक करून दुरुस्त केल्या, पण रिपोर्टांचे मथळे कोण बघतंय. सकाळी शेठनी प्रिंट हातात घेतली. क्लोजिंग स्टॉकचं झालेलं 'क्लोजिंग गोडाऊन', आणि खाली 'डेड गोडाऊन'. शेठ शांतपणे म्हणाले, "अहो, गोडाऊन बंद कोणी केलं आमचं? आणि मेलं कधी?"

यातला खरा विनोद पुढे आहे. जेएसटीएल, म्हणजे जेएसपीची प्रमाणित टॅग लायब्ररी, 2002 सालीच आलेली होती, आणि त्यातला सी-कोलन-यूआरएल हा टॅग नेमकं हेच काम करतो. आम्ही वाचलंच नव्हतं. स्लॅशने सुरू होणारा पत्ता त्याला द्या, कॉन्टेक्स्ट पाथ तो स्वतः पुढे चिकटवतो.

कोणी म्हणेल मग रिलेटिव्ह लिंक द्या. तो म्हणजे 'इथून डावीकडे वळा' छाप पत्ता, ऐकणारा कुठे उभा आहे त्यावर सगळं अवलंबून. सर्व्हलेटने, म्हणजे सर्व्हरवर विनंती घेणाऱ्या जावा कोडने, आतल्या आत दुसऱ्या फोल्डरातल्या जेएसपीला फॉरवर्ड केलं तर ब्राउझरला त्याचा पत्ताच नसतो, तो जुन्याच जागी उभा राहून डावीकडे वळतो. यावर एका सीनियरशी माझं भांडण...

बरं, चिठ्ठी आली. सहा मिनिटं. म्हणजे विषय आता सुरू. (हशा)

पटापट घ्या. सी-कोलन-यूआरएलच्या पोटात सी-कोलन-पॅरम टाका, म्हणजे पत्त्यातून पाठवायची व्हॅल्यू एन्कोड होऊन, पत्त्यात चालणाऱ्या अक्षरांत बदलून जाते, हाताने प्रश्नचिन्ह आणि अँड जोडत बसू नका. 'पुणे' शब्द यूटीएफ-8 या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत 12 बाइट, एन्कोड केल्यावर 36 अक्षरं, हे हाताने लिहिणार आहात का? फक्त पानाचं एन्कोडिंग यूटीएफ-8 आहे ना ते बघा, आणि टॉमकॅट 8 च्या आधीचा असेल तर कनेक्टरवरचं, म्हणजे त्याच्या विनंत्या घेणाऱ्या भागावरचं, यूआरआय-एन्कोडिंगसुद्धा, नाहीतर पलीकडे पुण्याचा कचरा पोचतो.

दुसरं, कुकी, म्हणजे ब्राउझरने जपलेली ओळखखूण, येतेय की नाही हे कळेपर्यंत हाच टॅग लिंकला जे-सेशन-आयडी, म्हणजे त्या युजरच्या चालू सेशनचा क्रमांक, चिकटवतो. तशी लिंक कोणी कॉपी करून ग्रुपवर टाकली तर सेशन जिवंत असेपर्यंत उघडणारा त्याच्याच नावाने आत शिरू शकतो. सर्व्हलेट 3.0 पासून वेब-एक्सएमएल या ॲपच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ट्रॅकिंग मोड फक्त कुकी करता येतो, तो करा.

ब्राउझरला दुसऱ्या पत्त्यावर पाठवणारा सी-कोलन-रीडायरेक्टही कॉन्टेक्स्ट पाथ सांभाळतो, पण पानाच्या अगदी वर ठेवा, अर्धं पान ब्राउझरकडे गेल्यावर रीडायरेक्ट होत नाही, एक्सेप्शन येतं. सी-कोलन-इम्पोर्ट बाहेरच्या सर्व्हरवरचंही पान ओढून आणतो, म्हणून युजरने दिलेला पत्ता त्यात कधीही, कधीही थेट घालू नका, तो युजर तुमच्याच सर्व्हरकडून तुमच्या आतल्या नेटवर्कमधलं काहीही मागवून घेईल.

स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कचा यूआरएल टॅग, थाइमलीफ या टेम्प्लेट इंजिनमधलं ॲट आणि महिरपी कंस, सगळं याच घराण्यातलं... हो हो, उठतो. त्या सीनियरच्या भांडणाचं चहाच्या वेळी विचारा, तेही मागच्या रांगेत बसलेत.