यकृतातील गाठ : एक उपचार की दोन?

श्रोतेहो, नमस्कार. यकृतातच उद्भवलेल्या कर्करोगाचे निदान झाले की घरची माणसे आधी शस्त्रक्रियेचे विचारतात. परंतु सिरोसिसने, म्हणजे यकृत व्रणांनी कडक होत जाण्याच्या विकाराने, जर्जर झालेल्या यकृताचा भाग कापून काढणे अनेक रुग्णांना झेपत नाही, आणि मग पोट न उघडता करायच्या उपचारांकडे वळावे लागते.

त्यांपैकी रेडिओफ्रिक्वेन्सी ॲब्लेशनमध्ये सोनोग्राफीत पाहत सुई थेट गाठीत नेऊन उष्णतेने ती जाळतात. 3 सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीसाठी हा उपचार चांगला. गाठ मोठी असली की तिची कड पुरेशी तापत नाही, कारण शेजारच्या वाहिन्यांतले रक्त उष्णता वाहून नेते. आधणात कोणी गार पाणी ओतत राहावे, तसा हा प्रकार. दुसरा उपचार केमोएम्बोलायझेशन, डॉक्टरांच्या बोलण्यात 'टेस'. यकृताला बहुतेक रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून मिळते, गाठ मात्र मुख्यतः रोहिणीवर पोसली जाते. म्हणून जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी नेऊन, गाठीला रक्त पुरवणाऱ्या फांदीत औषध सोडतात आणि ती फांदी बुजवतात. मात्र एवढ्याने गाठीतल्या सर्व पेशी मरतातच असे नाही.

आधी रोहिणी बुजवली तर उष्णता पळवणारा प्रवाह मंदावेल आणि सुईने अधिक मोठा भाग जळेल, हा दोन्ही उपचार जोडण्यामागचा तर्क. तो कितपत खरा ठरला? जपानमध्ये 2009 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 3 सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींना जोड-उपचाराचा वेगळा लाभ दिसला नाही. पुढच्याच वर्षी, तिथल्याच दुसऱ्या चाचणीत, 3.1 ते 5 सेंटिमीटरच्या गाठी 3 वर्षांत त्याच जागी पुन्हा वाढण्याचे प्रमाण केवळ सुईच्या उपचाराने 39 टक्के, तर दोन्हींनी 6 टक्के होते. रुग्ण अवघे 37 होते, आणि आयुर्मानातला फरक निर्णायक ठरला नाही, हेही सांगायला हवे. चीनमधील ग्वांगझौ येथे 189 रुग्णांवर झालेल्या, 2013 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्र तोही फरक दिसला : 4 वर्षांनी जोड-उपचाराच्या गटात सुमारे 62 टक्के रुग्ण हयात होते, केवळ ॲब्लेशनच्या गटात 45 टक्के.

म्हणून माझ्या मते खरा प्रश्न गाठीच्या आकाराचा आणि उरलेल्या यकृताच्या ताकदीचा आहे. टेसनंतर ताप, मळमळ आणि पोटदुखी काही दिवस राहू शकते, आणि कावीळ किंवा जलोदर असलेल्या रुग्णाचे यकृत त्यातून आणखी ढासळू शकते. दोन सेंटिमीटरच्या एकट्या गाठीसाठी कोणी दोन्ही उपचार सुचवले, तर दुसऱ्याची गरज काय, हे डॉक्टरांना निःसंकोच विचारावे.