फुलावरचा कीटक आणि एका मिलिमीटरची निवड

मित्रहो,

सातेरी मधमाशी लांबीला सुमारे एक सेंटिमीटर असते. अगदी जवळून चित्र घेणाऱ्या मॅक्रो लेन्सवर एकास एक हे प्रमाण साधले, की कॅमेऱ्यातील सेन्सरवर तिची प्रतिमाही तेवढीच पडते. फुल-फ्रेम सेन्सरची रुंदी ३६ मिलिमीटर असल्यामुळे तिच्याभोवती फुलालाही बरीच जागा उरते. इथवर सारे सोपे आहे. अडचण येते ती खोलीची. या प्रमाणावर अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधले प्रकाश आत सोडणारे छिद्र, एफ/८ ठेवले (एफपुढचा आकडा जितका मोठा, तितके छिद्र बारीक), तर जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा थर रेखीव येतो आणि त्याच्या पुढचे-मागचे सारे धूसर होत जाते. तो थर कुठे ठेवायचा हा या छायाचित्रणातला मुख्य निर्णय आहे, आणि माझे म्हणणे एवढेच, की कीटक त्या फुलावर नेमके काय करतो आहे हे पाहून मगच तो घ्यावा.

यावर लगेच सुचणारा उपाय म्हणजे अ‍ॅपर्चर आणखी बारीक करणे. एफ/१६ वर तो थर दुप्पट, म्हणजे सुमारे दोन मिलिमीटरचा होतो, हे खरे. परंतु एकास एक प्रमाणावर लेन्स सेन्सरपासून इतकी पुढे सरकलेली असते, की एफ/१६ चा परिणाम प्रत्यक्षात एफ/३२ सारखा होतो. प्रकाश दोन स्टॉपने घटतो, म्हणजे एक चतुर्थांशच उरतो, आणि इतक्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाशकिरण पसरत असल्यामुळे अंगावरची लव, डोळ्यांचे पैलू असे सर्वांत नाजूक तपशील किंचित पुसट होतात. म्हणून बहुतेक जण एफ/८ ते एफ/११ च्या आसपास थांबतात. त्याहून फायद्याची गोष्ट म्हणजे कॅमेरा कीटकाच्या अंगाला समांतर धरणे. माशी आडवी बसलेली असताना बरोबर बाजूने टिपली, तर तिचा डोळा आणि मागच्या पायावरची परागाची गोळी ही दोन्ही एकाच थरात बसतात. कॅमेरा थोडा तिरका झाला, की दोहोंपैकी एकावर पाणी सोडावे लागते.

डोळ्यावर फोकस हवा, असा नियम आपण सगळ्यांनीच ऐकलेला आहे. माणसांच्या आणि पक्ष्यांच्या छायाचित्रणातून आलेला हा नियम बहुतेक वेळा उपयोगी पडतोही. फुलाशी मात्र तो कधी कधी अन्याय करतो. वांग्याचे उदाहरण घ्या. वांग्याच्या फुलातले पिवळे परागकोश लांबीत उकलत नाहीत. त्यांच्या टोकांना बारीक छिद्रे असतात आणि पराग तेथूनच बाहेर पडतो. पोटावर निळसर पट्टे असलेली अमेजिला जातीची माशी त्या फुलावर येते, परागकोशांना जबड्यांनी आणि पायांनी घट्ट धरते आणि पंख न हलवता केवळ उडण्याचे स्नायू थरथरवते. त्या कंपनाने पराग टोकाच्या छिद्रांतून उधळतो आणि तिच्या पोटावर पडतो. या थरथरीचा आवाज जवळ उभे राहिल्यास स्पष्ट ऐकू येतो. उडतानाच्या गुणगुणीपेक्षा तो वरच्या पट्टीत असतो आणि तुटक तुटक येतो. मधमाशीला ही युक्ती येत नाही. आता या माशीच्या छायाचित्रात तिचा हिरवट डोळा लखलखीत आला आणि परागकोशांवरची पकड धूसर राहिली, तर चित्र देखणे होईल, परंतु वांग्याला ही माशी का लागते हे त्यातून कोणालाच कळणार नाही. अशा वेळी मी जबडा आणि परागकोश जिथे भेटतात तिथे थर ठेवीन, आणि डोळा त्यात आला तर ठीक, नाही तर नाही.

तुळशीच्या मंजिरीवर हेच गणित वेगळे होते. तुळशीच्या इवल्या फुलाचे पुंकेसर खालच्या ओठावर टेकलेले असतात, त्यामुळे मधासाठी तोंड आत घालणाऱ्या फुलोरी माशीच्या पोटाखाली ते येतात. वरून घेतलेल्या चित्रात यातले काहीच दिसत नाही. कॅमेरा मंजिरीच्या पातळीला, किंबहुना थोडा खाली न्यावा लागतो, म्हणजेच गच्चीच्या फरशीवर मांडी ठोकावी लागते.

अशा बाजूच्या चित्रांचा दुसरा लाभ ओळखीसाठी होतो. कोथिंबीर फुलोऱ्यावर आली, की तिच्यावर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या सिर्फिड माश्या हमखास येतात आणि पाहणारे त्यांना मधमाशी म्हणून मोकळे होतात. सिर्फिडला पंखांची एकच जोडी असते, मधमाशीला दोन. सिर्फिडच्या शृंगिका आखूड आणि डोळे डोक्याच्या मानाने प्रचंड असतात. ती डंख मारू शकत नाही, पण डंख मारणाऱ्यांचा वेश घेऊन निर्धास्त हिंडते. तिच्या अनेक जातींच्या अळ्या मावा खातात, त्यामुळे भाजीपाला लावणाऱ्यांनी तिला ओळखणे हिताचे आहे.

प्रकाशाविषयी थोडे बोलतो. मधमाशीचे पंख सेकंदाला दोनशेहून अधिक वेळा हलतात. ते थांबवायला कॅमेऱ्याचे शटर सहसा पुरत नाही, फ्लॅश पुरतो. कारण कमी शक्तीवर फ्लॅशची लकाकी एक दहा-हजारांश सेकंद किंवा त्याहूनही कमी काळ टिकते. परंतु उघड्या फ्लॅशने भुंग्याच्या किंवा ढालकिड्याच्या तकतकीत पाठीवर पांढरा डाग उमटतो आणि तेथील सगळा तपशील जातो. म्हणून फ्लॅश आणि कीटक यांच्यामध्ये पसरट डिफ्यूझर हवा, आणि तो कीटकाच्या जितका जवळ तितका प्रकाश मऊ. विकतचाच हवा असे नाही. बटर पेपरनेही काम भागते. भर दुपारी घेतलेल्या कीटकांच्या चित्रांत पार्श्वभूमी काळीकुट्ट का येते, असे पुष्कळ जण विचारतात. बारीक अ‍ॅपर्चरमुळे उन्हाचा वाटा नगण्य होतो आणि फ्लॅशचा प्रकाश अंतराबरोबर झपाट्याने कमी होत असल्यामुळे मागच्या झुडपापर्यंत पोचतच नाही, हे त्याचे कारण. आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता, थोडा वाढवावा, किंवा ज्याच्या मागे जवळच एखादे पान आहे असेच फूल निवडावे.

कॅमेऱ्याला न दिसणारे एक जग इथे आहे, त्याचाही उल्लेख करायला हवा. मधमाशीला आपला लाल रंग दिसत नाही, पण अतिनील प्रकाश दिसतो. मधमाशीला रंग ओळखता येतात हे प्रयोगांनी दाखवणारे कार्ल फॉन फ्रिश १९७३ च्या नोबेल पुरस्काराचे एक मानकरी होते. आपल्याला एकरंगी पिवळे दिसणारे सूर्यफूल अतिनील प्रकाशात मध्यभागी गडद आणि कडेला उजळ असते. पांढऱ्या फुलावर बसलेला पांढरा खेकडा-कोळी आपल्याला दिसत नाही, म्हणून तो माशीपासूनही लपला आहे असे आपण धरून चालतो. पण ऑस्ट्रेलियातील थॉमिसस स्पेक्टॅबिलिस या जातीचा कोळी अतिनील प्रकाश परावर्तित करतो आणि मधमाश्या अशा फुलाकडे उलट ओढल्या जातात, असे तेथील अभ्यासात आढळले आहे. आपल्या बागेत एखादी माशी फुलावर फार वेळ निश्चल दिसली, तर खूश होऊन कॅमेरा सरसावण्याआधी फुलाच्या खालच्या बाजूला डोकवावे. बहुधा कोळ्याने तिची मान धरलेली असते. चित्र तर तेच घेण्यासारखे असते.

शंभर मिलिमीटरच्या मॅक्रो लेन्सने एकास एक प्रमाण साधताना कीटक लेन्सच्या टोकापासून साधारण १३ ते १५ सेंटिमीटरवर असतो. तिथपर्यंत पोचताना आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नये आणि ज्या फांदीवर तो बसला आहे तिला धक्का लावू नये. फोकसचे कडे फिरवत बसण्यापेक्षा प्रमाण ठरवून कडे तसेच ठेवावे आणि स्वतः केसभर पुढे-मागे झुलत चित्रे घ्यावीत. पहाटे गारठ्यात कीटक सुस्त असतात. अमेजिलाचे नर तर काडीला जबड्यांनी धरूनच रात्र काढतात, आणि त्या वेळी अनेक फ्रेम घेऊन त्या एकत्र जोडण्याचे फोकस स्टॅकिंगही जमते. तेवढ्यासाठी कीटक फ्रिजमध्ये ठेवून गारठवण्याची जी पद्धत काही ठिकाणी सांगितली जाते, ती मला मान्य नाही. त्यात जीव जाण्याचा धोका असतोच, शिवाय फुलावर आणून मांडलेला अर्धमेला कीटक काहीच करत नसतो. स्प्रेने मारलेल्या दवबिंदूंचेही तसेच. स्पर्धांमध्ये त्यांचे एवढे कौतुक का होते, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

चित्र घेतल्यावर तारीख, ठिकाण आणि वनस्पतीचे नाव टिपून ठेवावे. आयनॅचरलिस्टसारख्या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करायची असेल, तर एक सुंदर फ्रेम पुरत नाही. त्याच कीटकाची बाजूने, वरून आणि समोरून अशी साधी चित्रेही द्यावीत, कारण जाणकार ओळख पटवतात ती पंखांच्या शिरा आणि चेहऱ्याची ठेवण पाहून. फुलपाखराच्या बाबतीत मिटलेल्या पंखांची खालची बाजू अवश्य घ्यावी. हळदीकुंकू हे फुलपाखरू पंख उघडून बसले तर बरेचसे पांढरे दिसते. ज्यावरून त्याला हे नाव पडले, ते पिवळे-लाल रंग खालच्या बाजूलाच आहेत.