वेदनेच्या वाटेवर थेंबभर औषध

नवी मुंबईतल्या खारघरचं सेक्टर २२. टाटा मेमोरियल सेंटरचं ॲक्ट्रेक, म्हणजे कॅन्सरवरचं उपचार आणि संशोधन केंद्र, इथंच आहे. गावाकडून आलेली माणसं डॉक्टरांना गाठीबद्दल विचारतात, केमोबद्दल विचारतात. दुखण्यानं रात्र रात्र डोळा लागत नाही, हे मात्र कित्येकजण बोलतच नाहीत. एवढा मोठा आजार, दुखणारच, असं त्यांनी मनाशी धरलेलं असतं.

तसं धरून बसू नये. दुखण्यावरही उपचार असतात. बहुतेकांना गोळ्यांनी उतार पडतो, लागलं तर मॉर्फिन या जोरदार वेदनाशामकाच्या. पण काहींचा डोस चढत जातो. गुंगी वाढते, पोट साफ होत नाही, घरच्यांशी बोलता बोलता माणूस पेंगतो, आणि कळा तशाच राहतात. स्वादुपिंडाच्या किंवा मणक्यात पसरलेल्या कॅन्सरमध्ये असं होऊ शकतं.

अशा वेळी औषध थेट पाठीच्या कण्यात देता येतं. कण्याच्या आत मज्जारज्जूभोवती पाणी असतं. शरीरातली बहुतेक वेदना मज्जारज्जूतून मेंदूकडे जाते, आणि तिला अडवणारं मॉर्फिन इथं फार थोडं पुरतं. तोंडावाटे ३०० मिलिग्रॅम लागत असेल, तर ढोबळ हिशेबानं इथं १ मिलिग्रॅम. कॅन्सरच्या रुग्णांना मॉर्फिन असं दिल्याचा अनुभव १९७९ मध्येच प्रसिद्ध झाला होता.

आधी चाचणीचा डोस देऊन बघतात. गुण आला, तर कण्यात बारीक नळी ठेवतात आणि पोटाच्या त्वचेखाली तळहातात मावेल एवढा, नळीतून थोडं थोडं औषध सोडणारा पंप बसवतात. पंप महाग असतो. आयुष्य थोडं उरलं असेल, तर नळी त्वचेखालून बाहेर काढून बाहेरच्या पंपाला जोडता येते. तेवढ्या दिवसांसाठीही हे करावं. शेवटचे दिवस कण्हत काढावेत असं काही नाही.

धोके आहेतच. जंतुसंसर्ग, डोकेदुखी, लघवी अडणं. डोस जास्त झाला तर श्वास मंदावतो. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी त्वचेतून सुई घालून पंप पुन्हा भरावा लागतो. ती तारीख चुकली आणि औषध एकाएकी थांबलं, तर दुखणं उसळतं, अंगाला थरथर सुटते. घर नंदुरबारला आणि पंप भरायला नवी मुंबईला, हे दर वेळी जमणार का, कोण आणणार, हे पंप बसवण्याआधीच डॉक्टरांशी बोलून घ्या. आणि पंपाचं कार्ड, डोस, पुढची तारीख, रात्री फोन कुणाला करायचा, हे घरातल्या निदान दोघांना तरी ठाऊक असू द्या.