डुलते म्हणून नाकारू नका

मंडळी, विषय ठरलाय प्लास्टिकची सी कयाक, म्हणजे समुद्रात आत बसून वल्हवायची लांब, अरुंद होडी, कशी निवडावी. त्याआधी माझी एक जुनी तक्रार ऐकून घ्या, ती पोटात ठेवून मला पुढे बोलताच येत नाही.

विकणारा तुम्हाला खाडीच्या थांबलेल्या पाण्यात कयाकवर बसवतो आणि अभिमानाने म्हणतो, "बघा साहेब, हलतसुद्धा नाही!" हलणार कशी? तिथे जेवणाचं टेबलही हलत नाही. एक जण तर मला पटवायला स्वतः कयाकवर उभा राहिला. मी म्हटलं, वा! आता असेच खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन या, खारा वारा सुटलाय. त्यांना नेमका तेव्हाच फोन आला. (हशा)

हसताय, पण तुमच्यातल्या निम्म्यांनी अशीच घेतलीय. तारकर्लीला भाड्याने मिळते ती वर बसायची कयाक पाऊण मीटरहून रुंद, सपाट तळाची. सपाट तळ पाण्याला धरून राहतो. पाणी सपाट, तर तुम्ही सपाट. आडवी लाट आली की पाणीच तिरकं होतं, त्याबरोबर तळ तिरका, आणि तुम्ही पाण्यात. 55 ते 60 सेंमी रुंदीची, गोलसर तळाची कयाक बसल्याबसल्या डुलते, नवख्याला घाम फोडते. पण कमरेतून सैल राहिलात तर लाट खालून निघून जाते, आणि कयाक थोडी कललीच तर तिची बाजू पाण्यात टेकून तुम्हाला धरते. थांबलेल्या पाण्यातलं स्थैर्य एक, हे कलल्यावरचं दुसरं; ते दुकानात दिसत नाही. ग्रीनलंडचे इनुइट शिकारी 50 सेंमीच्या आसपास रुंदीच्या कातडी कयाकमधून सील मारत. आपल्याकडेही अरुंद होडीला उलांडी, म्हणजे बाजूला तरंगणारा ओंडका, लावली, होडीचं पिंप नाही केलं. खाडीत नुसते पक्षी बघायचे असतील तर मात्र खुशाल रुंद घ्या, माझं भांडण नाही.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं राहिली. अहो, वळण-बिळण सगळं राहिलंच की!

तर भराभर. लांबी साडेचार-पाच मीटर: लांब कयाक सरळ जाते, टोकांकडे तळ उचललेला असेल तर पटकन वळते. बाजूने वारा लागला की चालत्या कयाकचं नाक वाऱ्याकडे फिरतं, कारण पुढचं टोक पाण्यात रुतलेलं असतं, मागचं मोकळं. त्यासाठी मागे खाली सोडायचं पातं, म्हणजे स्केग, हवंच. त्याच्या खाचेत वाळू अडकते. पात्याला दोरीचा छोटा फास बांधा, सोबत्याला तो ओढून अडकलेलं पातं खाली काढता येतं. पुढेमागे बंद कप्पे हवेत, त्यांत पाणी ओतून गळती बघा. मांड्या आतून टेकल्या पाहिजेत, नाहीतर कमरेने कयाक कलवणार कशी? रिकामी कयाक जास्त डुलते, सीटमागे पाण्याचा कॅन घट्ट बांधा. वजन 25 ते 30 किलो, उचलायला दोघं लागतात. गाडीच्या टपावर पट्टा करकचून आवळून उन्हात सोडलीत तर तळाला खड्डा पडतो.

आणि हो, रंग पिवळा किंवा नारिंगी. निळी फोटोत फार सुरेख दिसते. ट्रॉलरवरच्या तांडेलाला दिसतच नाही.