आधी छप्पर, मग माळ

(‘स्वच्छ ऊर्जेची किंमत’ या विषयावर सोलापुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय मोठा छापलाय. सौर, पवन, उसाचं इथेनॉल, बॅटऱ्या, सगळं घ्यायचं ठरलंय. घेऊ. पण सुरुवात माळरानापासून करणार. सोलापुरात सौरऊर्जेवर बोलायचं आणि माळढोक अभयारण्याच्या नान्नजचं नाव काढायचं नाही, हे मला पटत नाही.

त्याआधी एक हिशेब मांडतो, म्हणजे मी सौरऊर्जेच्या विरोधात बोललो असं कोणी घरी जाऊन सांगणार नाही. 1 मेगावॉटचा प्रकल्प आपल्याकडच्या उन्हात वर्षाला साधारण 15 लाख युनिट वीज देतो. तेवढीच वीज कोळशावर करायची तर युनिटमागे 0.7 किलो धरून हजार टनांवर कोळसा लागतो. आपल्या कोळशात राख 35 ते 40 टक्के, म्हणजे साडेतीनशे टनांवर राख, तीही दर वर्षी. नव्या औष्णिक केंद्रांना पाण्याची मर्यादा युनिटला 3 लिटरची आहे. म्हणजे 45 लाख लिटर पाणी. फताटेवाडीचं 1,320 मेगावॉटचं केंद्र उजनी धरणाच्याच पाण्यावर चालतं, आणि उपयुक्त साठा संपून उजनी मायनसमध्ये गेली की काय होतं हे सोलापूरकरांना मी सांगायला नको.

आता पॅनेलचं पाणी. कोणाकोणाच्या घरावर पॅनेल आहेत? हात वर करा. बरेच आहेत. आणि महिन्यातून दोनदा धुणारे? बघा, निम्मे हात खाली आले! 540 वॉटचं पॅनेल धरलं तर मेगावॉटला साधारण 1,850 पॅनेल लागतात. एका पॅनेलला 2 लिटर पाणी, महिन्यातून दोन धुणी, म्हणजे वर्षाला 90 हजार लिटरच्या आत. 45 लाख कुठं आणि 90 हजार कुठं! पण हे पाणी आपल्या बोअरचं जड पाणी नको. काचेवर क्षारांचा थर बसतो आणि तो पुसून जात नाही, म्हणून मऊ केलेलं पाणी लागतं. धुवायचं पहाटे किंवा दिवस मावळल्यावर. भर उन्हात पॅनेल 65 अंशांपर्यंत तापतं, त्यावर गार पाणी मारलं तर काच तडकू शकते. ब्रश मऊ नायलॉनचा, आणि पॅनेलवर पाय अजिबात द्यायचा नाही. आतल्या सिलिकॉनला केसासारख्या चिरा पडतात, त्या जागी पुढे पॅनेल तापून करपतं. ज्वारीची मळणी आणि कारखान्यांच्या धुराड्याची काजळी या दोन्हींच्या हंगामात एखादं धुणं जास्तीचं धरा. एप्रिल-मेमध्ये ऊन कडक असूनही वीज कमी का येते, असं बरेच जण विचारतात. 25 अंशांच्या वर प्रत्येक अंशाला साधारण 0.35 टक्के घट येते. पॅनेल 65 अंशांवर गेलं की 14 टक्के गेले.

हवा आणि पाणी या दोन्हींत सौरऊर्जा जिंकली. ती हरते जमिनीवर, आणि माझं भांडण तिथंच आहे.

मेगावॉटला 4 ते 5 एकर जमीन लागते. काळं रान चालत नाही असं नाही, पण कंपन्या टाळतात. रेगूर उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, त्यात रोवलेले खांब वर सरकतात आणि रांग वाकडी होते. बागायत महाग. मग उरतो मुरमाड माळ. सरकारी नकाशांत, वेस्टलँड ॲटलासमध्ये, खुरटी झुडपं असलेली अशी जमीन पडीक वर्गात मोडते. म्हणून जागा शोधणाऱ्याचं बोट पहिल्यांदा तिथंच पडतं.

या माळावर काय असतं ते सांगतो. पवन्या, मारवेल, कुसळ ही गवतं. हाताएवढी वर दिसतात, पण मुळं खोल जातात आणि त्यांचा बराचसा कार्बन जमिनीखाली असतो. वणवा लागला तरी तो तिथंच राहतो. त्या गवतावर धनगरांची मेंढरं, काळविटांचे कळप, त्यांच्या मागावर लांडगा. खोकड, ससे, धाविक, चंडोल. आणि माळढोक. त्याच्यासाठी 1979 साली इथं अभयारण्य झालं, कागदावर 8,496 चौरस किलोमीटरचं. पुढे ते 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं. आज देशभरात मिळून माळढोक दीडशेही उरलेले नाहीत. जाता जाता, माळावर झाडं लावायची हौसही याच गैरसमजातून येते. ग्लिरिसिडिया, सुबाभूळ लावून माळ सुधारत नाही. उघड्यावर वावरणाऱ्या पक्ष्याचं घर तेवढं जातं.

माळढोक पॅनेलला धडकत नाही, तारेला धडकतो. 15 किलोपर्यंत वजनाचा पक्षी, डोळे दोन्ही बाजूंना, समोरचं नीट दिसणारा पट्टा अरुंद. तार दिसेपर्यंत वेळ गेलेली असते, आणि एवढं अंग ऐनवेळी वळत नाही. म्हणून सर्वोच्च न्यायालयानं 19 एप्रिल 2021 रोजी राजस्थान-गुजरातमधल्या माळढोकांच्या भागात वीजवाहिन्या जमिनीखालून नेण्याचे आदेश दिले. मार्च 2024 मध्ये तो सरसकट आदेश मागे घेऊन तज्ज्ञांची समिती नेमली, कारण अतिउच्चदाबाची लाइन लांब अंतर जमिनीखालून नेणं तांत्रिकदृष्ट्या कठीण आणि फार खर्चाचं असतं. ते मान्य. पण आपल्याकडचे छोटे प्रकल्प त्याहून बऱ्याच कमी, 11 आणि 33 केव्ही (किलोव्होल्ट) दाबावर सबस्टेशनला जोडतात. 33 केव्हीची केबल शहरात रस्त्याखालून रोज टाकली जाते. मग माळावरून जाणारा तुकडा जमिनीखालून का नको? निदान तारांवर पक्ष्यांना दिसतील असे फिरते डायव्हर्टर तरी लावा, आणि तुटलेले बदला. एकदा लावून विसरायची ती वस्तू नाही.

काम सुरू होतं तेव्हा डोझर येतो. वरची वीतभर माती खरवडून जमीन सपाट करतात. गवताचं सगळं बी त्याच मातीत असतं. पहिल्या पावसात पॅनेलच्या खालच्या कडेवरून पाण्याची धार एकाच रेषेत पडते, तिथं ओघळ पडतात, आणि गवत गेलेल्या जागी गाजरगवत नि विलायती बाभूळ उगवते. मग तणनाशकाची फवारणी. वास्तविक सपाटीकरणाची गरज बऱ्याच ठिकाणी नसते. खांबांची उंची कमी-जास्त करून उतार जसा आहे तसा ठेवता येतो. गवत ठेवायचं, बी पडून गेल्यावर कापायचं. पॅनेलची खालची कड मीटरभर वर ठेवली तर मेंढरं आत चरू शकतात. शेळ्या मात्र नकोत, त्या पॅनेलवर चढतात. केबल पाइपात घाला, नाहीतर उंदीर-घुशी कुरतडतात. आणि कुंपणाची जाळी जमिनीपासून वीतभर वर ठेवा, म्हणजे खोकड नि ससा जाऊ शकेल. काळविटाला आणि लांडग्याला तेवढ्यानं वाट मिळत नाही, म्हणून मोठ्या प्रकल्पात दोन गटांमध्ये मोकळा पट्टा सोडावा लागतो.

इथं शेतकऱ्याला दोष देणार नाही. सौर कृषी वाहिनी योजनेत हेक्टरी सव्वा लाख रुपये वर्षाला भाडं, त्यावर दर वर्षी 3 टक्के वाढ. कोरडवाहू ज्वारीत हे मिळत नाही. शिवाय त्या विजेवर दिवसा पंप चालतो, रात्री बॅटरी घेऊन पाणी द्यायला जावं लागत नाही. ही योजना मला हवीच आहे. फक्त आधी छप्पर भरा, मग माळाकडे बघा.

आणि छपरं आपल्याकडे कमी आहेत का? अक्कलकोट रोडची यंत्रमागांची शेड बघा. 10 हजार चौरस फुटांचं शेड, सावली नि वाटा सोडून निम्मी जागा धरली तरी 60-70 किलोवॉट बसतात. चादरी आणि टॉवेल विणणारे माग दिवसा चालतात, ऊनही दिवसाच. अडचण पत्र्याची आहे. जुने सिमेंटचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे असतात. त्यांना ड्रिल मारू नका, कापू नका, तो धूळकण फुप्फुसात कायमचा बसतो. पत्रा ओला करून अख्खा उतरवायचा आणि अधिकृत घातक कचरा केंद्राकडे द्यायचा. वर गॅल्व्हल्यूमचा, म्हणजे जस्त-ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेला पत्रा घालून क्लॅम्पवर पॅनेल. भार चौरस मीटरला 12 ते 15 किलो येतो, पण खरी परीक्षा वळवाच्या वाऱ्याची. तो पॅनेल खालून उचलतो, त्यामुळे छपराचा भार पेलणाऱ्या कैचीची तपासणी इंजिनिअरकडून करूनच घ्या. आणि पॅनेलच्या वायरी जोडणारे एमसी-4 कनेक्टर दोन वेगळ्या कंपन्यांचे एकमेकांत घालू नका. सांधा तापतो, ठिणगी पडते, आणि मागाच्या शेडमध्ये रुई उडत असते.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं. बाकीचं भराभर सांगतो.

पवन. दोन-अडीच मेगावॉटच्या एका पवनचक्कीच्या पायाला शेकडो घनमीटर काँक्रीट जातं, ते बहुधा तिथंच राहतं. पाती काचतंतू आणि रेझिनची, त्यांचा पुनर्वापर अवघड. वारा मंद असतो तेव्हाच वटवाघळं जास्त उडतात. त्या वेळी रात्री पाती थांबवली तर मृत्यू बरेच घटतात आणि वीज फार जात नाही.

इथेनॉल. हे आपल्या जिल्ह्याच्या वर्मावर आहे. नीती आयोगाच्या आराखड्यात 1 लिटर इथेनॉलमागे उसाचं पाणी 2,860 लिटर धरलंय. शिवाय मळीपासून केलं तर लिटरमागे 8 ते 15 लिटर स्पेंटवॉश, म्हणजे डिस्टिलरीचं सांडपाणी निघतं. ते ओढ्यात गेलं की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे तरंगतात. ठिबक सक्तीचं आणि स्पेंटवॉशचा थेंब बाहेर नाही, एवढं झाल्याशिवाय त्याला हरित इंधन म्हणायला मी तयार नाही.

सौर पंप. 5 एचपीच्या पंपाला 4,800 वॉटचे पॅनेल. 50 मीटरवरून स्वच्छ उन्हात दिवसाला लाखभर लिटर पाणी, म्हणजे एकरावर जवळजवळ एक इंच. बिल नाही म्हटल्यावर तो बंद कोण करणार? आपल्या खडकात पाणी फक्त फटींत असतं. पंपासोबत ठिबक द्या, आणि उरलेली वीज ग्रीडला विकायची सोय द्या, म्हणजे पंप थांबवण्यात पैसा दिसेल.

आणि शेवटी कचरा. मेगावॉटला 50 टनांच्या आसपास पॅनेल. त्यात तीन चतुर्थांशाच्या जवळपास काच. बाकी ॲल्युमिनियम, प्लास्टिक, सिलिकॉन, थोडं तांबं, चिमूटभर चांदी, आणि दर पॅनेलमागे डाकातलं काही ग्रॅम शिसं. भंगारवाला फ्रेम आणि तांबं काढून घेतो, उरलेला चिकटलेला थर उकिरड्यावर जातो किंवा जाळला जातो. जाळू नका, मागच्या पडद्यात फ्लोरिन असतं. 2022 च्या ई-कचरा नियमांत, जे 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत, सौर पॅनेलचा कचरा 2034-35 पर्यंत साठवून ठेवण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकलीय. पण तुमचा करार उत्पादकाशी नसतो, जमीन भाड्यानं घेणाऱ्याशी असतो. म्हणून सही करण्यापूर्वी करारात तीन गोष्टी लिहून घ्या. मुदत संपल्यावर काँक्रीटसकट खांब कोण उपटणार. फुटलेली पॅनेल किती दिवसांत हलवणार. आणि कंपनी बुडाली किंवा तिनं प्रकल्प दुसऱ्याला विकला तर या कामाचा पैसा कुठल्या बँक हमीतून येणार. तिसरं कलम नसेल तर पहिल्या दोहोंचा उपयोग नाही.