मळ मागे वाहतो

नमस्कार श्रोतेहो. ठाणे स्टेशनात गाडीची वाट बघत उभे असाल, तर समोर थांबणाऱ्या लोकलच्या दाराकडे एकदा नीट बघा. मधला खांब हजारो हातांनी घासून लखलखीत झालेला असतो. खाली चाकांजवळ ब्रेकची तपकिरी धूळ घट्ट बसलेली असते. मी लढाऊ विमानांची लहान मॉडेल्स बनवतो, आणि त्यांच्यावर मळ कुठे चढवायचा हे मी आधी या लोकलकडून शिकलो.

हो, मळ चढवायचा. प्लॅस्टिकचे भाग जोडले, सांधे घासले, रंग दिला की विमान नवंकोरं दिसतं आणि नेमकं तेव्हाच ते खेळण्यासारखं वाटतं. उन्हानं विटलेला रंग, तेलाचे ओघळ, बुटांच्या खुणा, काजळी हे सारं त्यावर हातानं आणायचं. आम्ही त्याला वेदरिंग म्हणतो.

माझं पहिलं विमान मिग-२१. १९६३ साली आपल्या हवाई दलात आलेलं आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला निरोप घेतलेलं. बहात्तर पटींनी लहान केलं की ते जेमतेम वीतभर होतं. त्याच्या सांध्यासांध्यांत मी मोठ्या हौसेनं गंज रंगवला होता. आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीत हवाई दलातून निवृत्त झालेले एक काका राहतात. विमानांच्या देखभालीत त्यांची सगळी नोकरी गेली. त्यांनी ते मॉडेल हातात घेतलं, फिरवून पाहिलं आणि विचारलं, "अरे, पत्रा ॲल्युमिनियमचा. त्याला लाल गंज कुठून आणलास?" खाडीच्या वाऱ्यानं आमच्या खिडक्यांच्या ग्रिल गंजतात. तेच डोळ्यांत भरलेलं होतं, आणि तेच मी विमानावर उतरवलं होतं.

मग काका तासभर बोलले. माणूस पंखावर कुठे पाय ठेवून चढतो, कोणतं झाकण रोज उघडतं, कोणतं महिनोन्‌महिने बंद राहतं, इंधन भरताना कुठे सांडतं. रोज उघडणाऱ्या झाकणाच्या कडेचा रंग उडतो आणि खालचं ॲल्युमिनियम चमकतं. पण नाकाचा शंकू रडारसाठी असतो, तो धातूचा नसतोच. तिथे चंदेरी ओरखडा काढला तर ते विमान खोटं ठरतं. तेजसचं जवळजवळ सगळं बाह्यांग कार्बन फायबरचं आहे, तिथेही चंदेरी रंग फार जपून वापरावा लागतो.

मळाची दिशा हा माझ्या सर्वांत आवडीचा भाग. आपल्या इमारतींवर पावसाळ्यात खिडकीखालून काळे ओघळ सरळ खाली येतात. विमान उडत असताना मात्र मळ मागे वाहतो. मिग-२१च्या पोटाखाली दोन नळ्यांची २३ मिलिमीटरची तोफ आहे, तिची काजळी तोंडापासून शेपटीकडे लांबत जाते. विमान जमिनीवर उभं असताना गळलेलं तेल पुन्हा सरळ खाली. एकाच विमानावर या दोन्ही दिशा दिसल्या की त्याचं आयुष्य दिसतं.

आपल्या नौदलाचं सी हॅरियर तर याहून मजेदार. १९८३ ते २०१६ ते आपल्याकडे होतं. त्याच्या इंजिनाला चार तोंडं. पुढच्या दोन तोंडांतून पंख्यानं ढकललेली तुलनेनं थंड हवा येते, मागच्या दोनांतून जळालेला तप्त वायू. म्हणून काजळी मागच्या तोंडांमागे. चारही तोंडं सारखी काळी केलेली मॉडेल्स मी पाहिली आहेत आणि दर वेळी हळहळलो आहे.

आता हाताचं काम. रंगावर आधी ग्लॉसचा थर द्यायचा. गुळगुळीत पृष्ठभागावर टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला ऑइल कलर पत्र्यांच्या रेषांत आपोआप धावतो. याला आम्ही वॉश म्हणतो. थोडा सुकला की जादाचा रंग कापडानं पुसायचा, तोही नाकाकडून शेपटीकडे, म्हणजे उरलेला पुसट माग वाऱ्याच्या दिशेनंच जातो. या रेषांसाठी निव्वळ काळा मी कधीच वापरत नाही. मॉडेल आपण ३० सेंटिमीटरवरून बघतो, म्हणजे खरं विमान जवळजवळ २२ मीटरवरून. तेवढ्या अंतरावर एक मिलिमीटरची फट काळीभोर दिसत नाही. मूळ रंगाहून दोन छटा गडद करड्या रेषेनं भागतं.

आणि आपल्या ठाण्याचा पावसाळा! जुलैत लॅकर फवारलं की थिनर झपाट्यानं उडतो, पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर जमतं आणि चांगल्या रंगावर पांढरं धुकं चढतं. एअरब्रशच्या नळीतही पाणी येतं, तेव्हा कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा फिल्टर लावाच.

माझ्या टेबलावर सध्या सी हॅरियर आहे. वॉश झाला, बुटांच्या खुणा झाल्या. समुद्रावरच्या खाऱ्या हवेत रंग उडाला की तिथल्या तिथे ठिगळासारखा नवा रंग लावतात, ती ठिगळं स्पंजानं देणं चालू आहे. उजवा पंख झाला, डावा राहिला आहे. शेवटचा मॅट थर पाऊस उघडल्यावर. काकांना तेव्हाच वर बोलावणार आहे.