सोमवारचं गाणं

(अमेरिकेत टेक्सासमधल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या मेळाव्यातलं भाषण. संकेतस्थळासाठी थोडी काटछाट केली आहे. टाळ्यांच्या जागा दाखवलेल्या नाहीत, कारण त्या फारशा नव्हत्या.)

नमस्कार मंडळी.

तिळगूळ मिळाला ना सगळ्यांना? मग गोड बोला, निदान माझं होईपर्यंत. कार्यकारिणीने मला 'संक्रांत आणि आरोग्य' असा विषय दिला होता. तिळात कॅल्शियम असतं. झाला विषय. आता मला जे बोलायचंय ते बोलते.

गेल्या आठवड्यात आमच्याकडे जरा वाजलं. निमित्त आमचा नातू, वय वर्षं अकरा. आजच्या कार्यक्रमासाठी मी त्याच्याकडून एक भावगीत बसवून घेत होते. कुठलं ते सांगत नाही. तुम्हाला सगळ्यांना पाठ आहे आणि तुमच्यातल्या निम्म्यांनी ते याच मंचावर म्हटलंय. त्याने दोन कडवी शहाण्यासारखी म्हटली, मग पेटीचा भाता धरून ठेवला आणि मला विचारलं, "आजी, मराठी गाण्यातली माणसं ऑफिसला कधीच जात नाहीत का?"

म्हटलं, म्हणजे काय? तर म्हणे, एक बाई नदीवर बसलीये, एक माणूस चंद्राकडे बघतोय, एक जण होडीत आहे. यांना काम नसतं?

मुलगा हसला. मी मुलाला बोलले. सून मुलाच्या बाजूने बोलली. आमचे हे नेहमीप्रमाणे गराजमध्ये काहीतरी शोधायला गेले.

आता हे खूळ त्याच्या डोक्यात आलं कुठून, तर विली नेल्सन या अमेरिकन कंट्री गायकाकडून. टेक्सासात बसून विली नेल्सन कोण हे सांगायला नको. ऑस्टिनच्या दुसऱ्या रस्त्यावर त्याचा पुतळा आहे. तो 2012 साली 20 एप्रिलला दुपारी 4 वाजून 20 मिनिटांनी उघडला. ही वेळ का निवडली ते ज्यांना कळलं ते हसले, बाकीच्यांनी गाडीत मुलांना विचारा; गांजाशी संबंध आहे, एवढंच सांगते. माझ्या लेखी मात्र इतकी वर्षं तो 'वेण्यांचा म्हातारा' एवढाच होता. कंट्री म्युझिक म्हणजे पिकअप ट्रकवाल्यांचं काम, अशी माझी ठाम समजूत. माझ्या संगीताच्या अभ्यासाचं म्हणाल तर गांधर्वच्या मध्यमेला मी दोनदा बसले होते. पुढचं विचारू नका.

तर या विलीने नोव्हेंबर 2025 मध्ये नवा अल्बम काढला, 'वर्किन मॅन: विली सिंग्ज मर्ल'. माणूस तेव्हा 92 वर्षांचा. आपल्यात सत्तरी गाठली की गुडघ्यांवर बोलतात. मुलाने रेकॉर्ड आणली, ती तबकडीवालीच, आता पुन्हा फॅशन आलीये. दिवाळीच्या पाहुण्यांसाठी आणलेला फराळ संपला तरी ती रेकॉर्ड काही प्लेअरवरून उतरली नाही. गाणी त्याची स्वतःची नाहीत, मर्ल हॅगर्ड नावाच्या त्याच्या जिवलग दोस्ताची आहेत. मर्ल 2016 साली गेला, नेमका त्याच्या 79व्या वाढदिवसाला. त्याच्या आदल्याच वर्षी दोघांनी मिळून शेवटचा अल्बम केला होता.

आणखी एक गोष्ट मुलाने सांगितली आणि मी पोळी लाटता लाटता थांबले. या रेकॉर्डवर पियानो वाजतोय तो विलीच्या मोठ्या बहिणीचा, बॉबीचा. ती 2022 मध्ये गेली. ड्रमवर पॉल इंग्लिश, तो 2020 मध्ये गेला. म्हणजे वाजवणं त्या दोघांच्या हयातीतलं, आणि रेकॉर्ड आपल्या हातात आली ती दोघं गेल्यावर. बॉबी आणि विली, आजी-आजोबांनी वाढवलेली पोरं. टेक्सासातल्या ॲबट नावाच्या चिमुकल्या गावात आजोबांनी विलीच्या हातात गिटार दिली. आजी-आजोबांनी वाढवलेली मुलं म्हटलं की मी त्यांच्या बाजूने, हे तुम्हाला माहीतच आहे.

पण मला आज विलीपेक्षा मर्लबद्दल बोलायचंय. तो आपल्यातला आहे. थांबा, सांगते.

मर्लचे आईबाप ओक्लाहोमाचे. गोठा-कोठार जळालं, शेतीत काही उरलं नव्हतं, तेव्हा 1935च्या सुमारास सगळं गाडीत घालून कॅलिफोर्नियाला आले. तेव्हा अशी लाखो माणसं पश्चिमेकडे निघाली होती. तिकडच्या लोकांना ती नको होती. त्यांना 'ओकी' म्हणून हिणवायचे, त्यांची भाषा ऐकून हसायचे. मर्लच्या वडलांनी बेकर्सफील्डजवळ ऑइलडेलला रेल्वेचा एक जुना मालडबा घेतला आणि त्याचं घर केलं. त्या डब्यात मर्ल वाढला. वडील रेल्वेत सुतारकाम करायचे. मर्ल नऊ वर्षांचा असताना ते गेले. पुढे पोरगा वाया गेला, मालगाड्यांवर चढून पळायचा, सुधारगृहं झाली, शेवटी सॅन क्वेंटिनचा तुरुंग झाला. सुटून आला आणि गाणी लिहायला लागला. कसली गाणी? कारखान्यात आठवडाभर राबणाऱ्या माणसाची. आईने पोराला सुधारायचा जीव तोडून प्रयत्न केला, पण पोरगा तुरुंगातच गेला, त्याची. म्हणजे आपण मेळाव्यात ज्या गोष्टी कुजबुजत सांगतो, त्या त्याने चालीत बांधल्या, आणि त्या सगळ्या देशाने म्हटल्या.

त्यातलं एक 1973चं गाणं आहे. ऐन डिसेंबरात कारखान्यातून कमी केलेल्या एका बापाचं. नाताळ तोंडावर आलाय, घरात लहान मुलगी आहे, आणि या वर्षी नाताळ का नाही हे तिला सांगायचं कसं. बस, एवढंच. मी ते ऐकत होते आणि मला या हॉलमधली माणसं दिसायला लागली.

नावं घेत नाही. 2001 साली ज्यांना शुक्रवारी दुपारी खोक्यात सामान भरून घरी पाठवलं ते. 2008-09 मध्ये ज्यांची घरं विकली गेली ते. आणि आताची पोरं. एच-वन व्हिसावर असताना नोकरी गेली की हातात साठ दिवस. साठ दिवसांत दुसरी नोकरी, नाहीतर मुलाची शाळा, गाडीचे हप्ते, भाड्याचं घर सगळं आवरून परत. माझ्या ओळखीतल्या एका कुटुंबाने ते साठ दिवस काढले. त्या काळात ते आपल्या गणपतीला आले नाहीत. आपण काय म्हणालो? "अलीकडे फारसे दिसत नाहीत हो." मीसुद्धा असंच म्हणाले, पुलाव वाढता वाढता.

इथे ये-जा करणाऱ्यांचं आपल्याला एकच रूप चालतं. बढतीचं, नव्या घराचं, मुलीच्या कॉलेज ॲडमिशनचं. मंडळाच्या बातमीपत्रात 'अभिनंदन' असं सदर आहे. दुसरं सदर मी तरी पाहिलेलं नाही. दुःख सांगायचंच झालं तर आपण आईच्या हातच्या भाकरीचं सांगतो, कारण ते सुरक्षित आहे, सगळ्यांचं सारखं आहे.

तर नातवाच्या प्रश्नाकडे येते. मी त्याला हरायला तयार नव्हते. म्हटलं, बस इथे, ऑफिसला जात नाहीत म्हणे! जात्यावरच्या ओव्या कोण म्हणायचं? पहाटे चारला उठून दळणारी बाई. मोटेची गाणी होती, कापणीची भल्लरी होती. बहिणाबाई शेतात राबता राबताच बोलल्या. आणि अण्णा भाऊ साठे! सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावहून बापाबरोबर मुंबईपर्यंत पायी आलेला पोरगा. गिरणीत काम केलं, आणि गावात बायको ठेवून मुंबईला आलेल्या माणसाची जी छक्कड लिहिली ती संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हजारो माणसांनी ऐकली. कोकणातला चाकरमानी लालबागच्या खोलीत भजनी मंडळ घेऊन बसायचा. गिरणीच्या भोंग्यावर कविता झाल्या. आपल्याकडे काय नाही?

मी अगदी तोऱ्यात बोलत होते. हेही गराजमधून परत आले होते.

नातवाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ओके. आणि तुम्ही?"

मी गप्प बसले. कारण तसं आपल्याकडेही काही नाही असं नाही. इथल्या आपल्या माणसांनी कविता लिहिल्या, कथा लिहिल्या, दिवाळी अंक काढले. 1981 साली बृहन्महाराष्ट्र मंडळ, म्हणजे इथल्या मराठी मंडळांची मोठी संस्था, उभं राहिलं, तेव्हापासून अधिवेशनं काय, नाटकं काय. पण एकाने सुरू करावं आणि सगळ्या हॉलने उचलावं असं, इथल्या जगण्याचं गाणं? मर्लचं आणखी एक गाणं या रेकॉर्डवर आहे, विमानाचं. ते माणूस घेऊन उडून जातं आणि मागे राहिलेला खाली उभा असतो. ऐकताना मला मुंबईचं सहार विमानतळ आठवलं. सहारचं ते बाहेरचं रेलिंग, पहाटेचे दोन, हातात हार, आणि आत गेलेली ट्रॉली. इथल्या चाळिशीपुढच्या प्रत्येकाच्या पोटात ते रेलिंग आहे. त्याचं गाणं बेकर्सफील्डच्या मालडब्यात वाढलेल्या माणसाने लिहिलं, त्याला बिचाऱ्याला सहार माहीतही नसेल.

नाही म्हणायला एक गोष्ट आपण इथे घडवली, ती म्हणजे उखाणे. हळदीकुंकवाला ऐका. चांदीच्या ताटात रुप्याची वाटी मागे पडली, आता त्यात कॉस्टको आहे, ग्रीन कार्ड आहे, झूम कॉल आहे. माझाच एक ऐका, दर वर्षी घेते आणि दर वर्षी हे तोंड फिरवतात:

कस्टमवाल्याने बॅग उघडली, निघाला गोडा मसाला,
आमचे राव लांब जाऊन उभे, म्हणे, "ओळख सांगू कशाला?"

हसलात ना! मला वाटतं, का हसतो आपण, तर ते इथलं आहे, आपल्या अंगावरून गेलेलं आहे. मग हे दोन ओळींतच का थांबतं? आणि बायकांपुरतंच का?

मी बराच विचार केला, आणि मला जे सुचलं ते जरा कडू आहे, तिळगूळ तोंडात धरून ऐका. आपलं मराठी शनिवार-रविवारचं आहे. सोमवार ते शुक्रवार आपण दुसऱ्या भाषेत राबतो, दुसऱ्या भाषेत घाबरतो, बॉससमोर दुसऱ्या भाषेत गिळून बसतो. शनिवारी साडी नेसून, झब्बा घालून इथे येतो तेव्हा ते सगळं पार्किंग लॉटमध्ये ठेवून येतो. मी स्वतः काउंटीच्या ऑफिसात वर्षानुवर्षं मालमत्ता कराच्या फायली लावल्या. लोक खिडकीवर येऊन रडायचे, घर जातंय म्हणून. त्यातलं एक वाक्य मला मराठीत आठवत नाही, कारण ते मराठीत घडलंच नाही. राबणाऱ्या माणसाचं गाणं सोमवारच्या भाषेत तयार होतं. आपला सोमवार मराठीत उगवतच नाही.

आणि विलीचं करवाल्यांशी काय झालं ते माहीत आहे ना? इथे सीपीए, म्हणजे हिशेब तपासणारे, बरेच आहेत म्हणून सांगते. 1990 साली आयआरएसने, म्हणजे इथल्या आयकर खात्याने, त्याच्यावर 1 कोटी 67 लाख डॉलरची थकबाकी काढली, घरदार, सामानसुमान जप्त केलं. गिटार तेवढी त्याने आधीच हलवली होती. 1969ची, बोटं घासून घासून भोक पडलेली, अजून तीच वाजवतो. तर या बाबाने काय केलं? नुसती गिटार घेऊन गाणी म्हटली, त्याची रेकॉर्ड काढली, तिच्या नावातच आयआरएस घातलं, आणि पैसे आयआरएसला पाठवले. लाज म्हणून लपवायच्या गोष्टीचं त्याने गाणं केलं आणि विकलंसुद्धा. आपल्यातल्या कुणाला साधं ऑडिटचं पत्र आलं तर शेजारच्या फ्लॅटमधल्या मराठी माणसाला पत्ता लागत नाही.

मी कार्यकारिणीला एक विनंती केली आहे. पुण्याहून वाद्यवृंद आणतो आपण गणपतीला, जरूर आणा, मीही पहिल्या रांगेत बसेन. पण त्यातली दहा मिनिटं इथे लिहिलेल्या, इथल्या गाण्याला द्या. 'विचार करू' असं उत्तर आलंय. आपल्या मंडळात याचा अर्थ काय ते नव्या सभासदांना जुने सांगतील.

पण खरी अडचण कार्यकारिणी नाही. ज्यांना मराठीत गाणं लिहिता येईल ते माझ्या वयाचे आहेत, आणि त्यांना नदी आणि चंद्रच सुचतो. ज्यांना फ्रीवे, लेऑफ, एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाच्या आधारावर, घरात बसलेली इंजिनियर आई, हे सगळं गाण्यात घालता येईल, त्यांची मराठी मावशी-काकांना नमस्कार करण्यापुरती उरली आहे. नातवाला गिटार येते. उद्या त्याने आजीच्या काउंटी ऑफिसवर गाणं केलंच, तर ते इंग्रजीत करेल, बहुधा टेक्सासच्या हेलात. ते गाणं आपलं असेल का? मराठी मंडळाच्या मंचावर आपण ते म्हणू देऊ? हात वर करायला सांगत नाही तुम्हाला, कारण माझा हात वर जाईल की नाही हे मलाच अजून ठरवता आलेलं नाही.